कावळ्याचं पान

माझा मोठा भाऊ नरहरी कारखान्यातून रिटायर झाला आणि जुनवानीच्या प्लॉटवर झोपडी बांधून गांडूळखत करू लागला. प्लॉट माझ्या नावावर होता. खटालातलं, म्हणजे गवळ्यांच्या गोठ्यातलं, शेण आणायचं, मुरवायचं, वाफ्यात भरायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं. मी त्याला वेड्यात काढलं. पण तीन वर्षांत नवरा-बायको त्यावरच पोट भरू लागले, आणि ते मला खुपायचं. खोटं कशाला बोलू?

मग तो गेला. तेरवीला भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत एक कावळा फिरकला नाही. कसली इच्छा राहिली असेल, म्हणून नातेवाईक माझ्याकडे बघू लागले. मी मान फिरवली. कुम्हारीच्या एका माणसाला प्लॉट विकायचं मी आधीच ठरवलं होतं. शकुवहिनींचं काय, ते नंतर बघू म्हटलं.

वहिनींनी सवयीने ते पान वाफ्यात टाकलं. त्या घरातलं उरलंसुरलं दुसरीकडे जातच नसे.

महिन्याने मी तिथे गेलो. भर दुपारी वहिनींनी गोणपाट उचललं. पत्रावळ, भाजी, वडे, सगळ्याचं काळं खत झालं होतं. भाताची मूद मात्र तशीच होती, पांढरी, ओली. तिच्याभोवती गांडुळांचं कडं. उजेड दिसला की गांडुळं खाली पळतात. ही हलली नाहीत.

"रोज असंच असते, भाऊजी. खात नाही अन् जात बी नाही. वाट पाहून राहिले."

मला घाम फुटला. चपला काढून वाफ्याशी उभा राहिलो. "दादा, प्लॉट नाही विकत," म्हणालो. मनात मात्र सोमवारचा सौदा तसाच होता.

एकही गांडूळ हललं नाही.

"तुमच्या दादाइले खोटं लगेच समजे," वहिनी हळूच म्हणाल्या.

मग मला रडूच फुटलं. "वहिनी, जागा तुमची. उद्याच दुर्गला रजिस्ट्री कचेरीत जाऊन तुमच्या नावावर करून देतो."

कडं मोडलं. गांडुळं मुदीवर चढली आणि भात दिसेनासा झाला.

सकाळी सेक्टरातल्या माझ्या क्वार्टरमध्ये जागा झालो तेव्हा ऊन पडलं होतं, भीती ओसरली होती. एवढी काय घाई, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं म्हणत मी दार उघडलं.

तिथे सगळा सिमेंटचा ओटा, मातीचा कण नाही. माझ्या चपलांभोवती गांडुळांचं कडं होतं.

मी अनवाणीच दुर्गची बस पकडली.