करकदेच्या पेल्यातला जिन्न

कापडाच्या दुकानावरच्या जिन्यात बायका पायरीपायरीला बसल्या होत्या. वरची खालचीला सांगत होती, खालची तिच्या खालचीला, आणि बातमी रस्त्यावर पोचेपर्यंत जिन्नाला शिंगं फुटलेली असायची. पडद्याआड जाताना कापसाचा बोळा लाल होता आणि बाहेर आला तो हिरवा, हे सगळ्याच शपथेवर सांगत होत्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं," असं म्हणणारीला तिथून फक्त पुढच्या बाईची पाठ दिसत होती.

हकीमा दौलत रमजान संपल्यावर नाईलकाठच्या आमच्या आसवानात आली. ती ना धड डॉक्टर होती, ना धड मांत्रिक. दोन्हीकडचा माल तिने एकाच फळीवर मांडला होता.

"बायांनो, जिन्न राहतो कुठे?" ती पडद्यासमोर उभी राहून विचारायची. "ओल्या, अंधाऱ्या घडीत. योनीच्या पाकळ्या ज्या बाईच्या लांब, तिच्याकडे तो भाडं न देता बिऱ्हाड करतो. माझा लेझर मांस कापतो आणि माझ्या आजीची फुंकर जिन्नाची मुळी कापते. रक्त नाही, दुखणं नाही. गुरुवारी या, शुक्रवारी लग्नात नाचा."

मी समीहा. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. माझी जीभ लांब आहे असं गावात म्हणतात, आणि ती कापून देणारी हकीमा अजून आलेली नाही. तरीही त्या दिवशी मी त्या जिन्यात मुकाट बसले होते, कारण शेजारी माझी भाची बसीमा होती. तिच्यावर गुरुवारी दौलतचा लेझर चालणार होता.

हे सुरू झालं साखरेच्या पाकापासून. लग्न ठरलेल्या मुलीच्या अंगावरचे केस काढायला उम्म रजब घरोघर जाते. साखर-लिंबाचा चिकट पाक लावते, ओढते, गाणी म्हणते, आणि वर मुलीचं अंग तपासून आईला निकालही देते. बसीमाचं बघून तिचं गाणं मध्येच थांबलं.

"एहसान, तुझ्या पोरीला हे काय लोंबतंय गं? उभ्या हयातीत मी असं कुणाचं बघितलं नाही."

उम्म रजब खोटं बोलत नव्हती. तिच्या हयातीत या गल्लीतल्या झाडून सगळ्या मुलींची सुंता झाली होती, म्हणजे लहानपणीच दाईने पात्याने त्यांची ती जागा कापली होती. तिने आजवर कापलेलीच शरीरं बघितली होती, आणि न कापलेलं पहिलं शरीर समोर आलं तेव्हा तिला तोच रोग वाटला.

बसीमाला का कापलं नव्हतं, ते आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. आम्ही तिघी बहिणी होतो. मोठी एहसानताई, मधली मी, धाकटी जहीरा. जहीराच्या सुंतेनंतर रक्त थांबलंच नाही. घराने सांगितलं, नदीवरच्या जिन्नाने पोर नेली. दाई जेवून गेली. ताईला मुलगी झाली तेव्हा तिने दाईला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. पण भीती काही उंबऱ्यावर अडत नाही. परसातला नळ ठिबकू लागला की ताई आजही हातातलं काम ठेवून म्हणते, "जहीरा आली." आणि मी, रसायनशास्त्र शिकवणारी, त्या नळाकडे पाठ करून कधी भांडी घासत नाही.

उम्म रजबच्या बोलण्यानंतर ताईने मुलीला दौलतकडे नेलं. दौलतने एक साबण दिला. सकाळ-संध्याकाळ लावायचा, फेस तसाच अंगावर वाळू द्यायचा, पाण्याने धुवायचा नाही. दोन-चार दिवसांत बसीमाला जळजळ सुरू झाली. दिवेलागणीला ती पाय पोटाशी घेऊन बसायची.

"मावशी, आतून कुणीतरी नखं मारतंय," ती म्हणाली. टेलिफोन कचेरीत नोकरी करणारी, चारचौघांत हसणारी ही मुलगी.

आमचा नंबर लागला. बसीमा पडद्याआड गेली, ताई आणि मी बाहेर टेबलाशी थांबलो. दौलत बोळा घेऊन बाहेर आली आणि तिने तो दिव्याखाली धरला. हिरवा. जिन्यातून एक लांब सुस्कारा खालपर्यंत गेला.

"एक पोर आहे हिच्यात," दौलत डोळे मिटून म्हणाली. "पांढऱ्या झग्यातली. तुमच्याच घरातली. म्हणते, जागा कापा, मला मोकळं करा."

ताई जागच्या जागी खाली बसली. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. मला जहीराचा झगा आठवला. आमच्या गावात तिची गोष्ट कोणत्या भाजीवालीला ठाऊक नाही, हे तेव्हा सुचलं नाही. भीती आधी पोचली. रसायनशास्त्र मागून धापा टाकत आलं.

ते आलं दौलतच्या पेल्यावरून. तिच्या टेबलावर करकदेचा पेला होता. लाल अंबाडीची बोंडं उकळून केलेलं हे सरबत आमच्याकडे लग्नातही पितात आणि मयतालाही. शेजारच्या बशीत 'पवित्र पाण्यात' भिजवलेले बोळे होते आणि दोन्हींचा रंग एकच होता. दर वर्षी नव्या वर्गाला मी हाच खेळ दाखवते. करकदेला आंबट लागलं की ते लाल, सोड्यासारखं खारं लागलं की हिरवं. साबण तसाच खारा असतो.

मी बसीमाच्या पिशवीतला साबण काढला, कोपऱ्यातल्या मोरीवर तळहाताला चोळला आणि फेस तसाच ठेवला. मग बशीतला एक बोळा उचलून तळहातावर फिरवला. बोळा हिरवा झाला.

"हकीमाबाई, माझ्या तळहातातही ती पोर आहे का?"

दौलत मुरलेली बाई होती. "जिन्नाने उडी मारली. तुमच्यात आला."

"असं? मग त्याला दमून तहान लागली असेल." मी साबणाचा एक तुकडा खरवडून तिच्या पेल्यात टाकला आणि चमच्याने ढवळलं. लाल सरबत आधी निळसर, मग शेवाळासारखं हिरवं झालं. "आता तो पेल्यात आहे. पिऊन टाका, म्हणजे गाव मोकळं होईल."

तिने पेल्याला हात लावला नाही. ज्या गुलाबपाण्याने धुतल्यावर ऑपरेशन झालेल्या बायकांच्या शेवटच्या तपासणीत बोळा लालच राहायचा, त्याची बाटली मी उघडली. वास लिंबाचा होता. पेल्यात भरपूर ओतल्यावर हिरवा रंग पुन्हा लाल झाला. साबण दिला की जिन्न येतो, लिंबू दिलं की जातो. मधल्या मध्ये बाई कापली जाते.

"अगं बाई," सगळ्यात वरच्या पायरीवरची म्हणाली, "हा तर आमच्या ओट्यावरचा जिन्न."

बायका हसल्या. हसत हसत उठल्या. दोघी मात्र जाताना साबण घेऊन गेल्या, एखादे वेळी लागला तर असावा म्हणून. दौलतने त्याच आठवड्यात गाशा गुंडाळला. दुसऱ्या गावी तिने बोळा बदलला असेल, धंदा नाही.

रस्त्यावर आल्यावर बसीमा म्हणाली, "मावशी, रंगाचं कळलं. पण उम्म रजबला दिसलं ते तर आहेच ना?"

याचं उत्तर माझ्या प्रयोगशाळेत नव्हतं. म्हणून आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात डॉक्टर विज्दानकडे गेलो. बायकांच्या आजारांच्या त्या डॉक्टर, गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच जगात ओढलेलं. त्यांनी तपासलं आणि पहिल्यांदा साबण मागून घेतला.

"ही तुझी नखं मारणारी," त्या म्हणाल्या आणि तो केराच्या टोपलीत टाकला. "कातडी सोलून काढली आहे. नुसतं कोमट पाणी, सैल सुती कपडे आणि हे मलम. बास."

"आणि आकार?"

"सगळ्यांची नाकं सारखी असतात का? आतले ओठ कुणाचे बाहेर डोकावतात, कुणाचे नाही. एक बाजू लांब, एक आखूड. गुलाबी, नाहीतर सावळे. हे सगळं निरोगी असतं, पोरी. उम्म रजबने अख्खं शरीर कधी बघितलंच नाही, तिला काय ठाऊक."

बसीमाने विचारलं, "कधीकधी सायकलवर घासतं. खूप आधीपासून. मलाच नको असले तर?"

मला वाटलं, डॉक्टर रागावतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"तर तो तुझा प्रश्न. आईचा नाही, सासूचा नाही, होणाऱ्या नवऱ्याचा तर मुळीच नाही. सतत दुखत असेल, चिरा पडत असतील, तर हे ऑपरेशन करतात. शिकलेला सर्जन करतो, दवाखान्यात, भूल देऊन. पण ऐकून ठेव. रक्त जाऊ शकतं, पू होऊ शकतो, वण राहतो, तो दुखू शकतो. तिथली संवेदना कमी होऊ शकते. बाजू कमीजास्त झाल्या तर पुन्हा कापावं लागतं. बरं व्हायला दीड-दोन महिने. आणि कापलेलं परत लावता येत नाही. ज्याच्याकडे जाशील त्याला विचार, अशी किती केलीस, बिघडलं तर कुणाला बोलवशील. जो म्हणेल काहीच धोका नाही, त्याच्याकडून उठून ये. लग्नाची तारीख धरून तर हे कुणी करूच नये. आग थांबू दे, कपडे बदल, मग सहा महिन्यांनी ये. तेव्हाही हवं असेल तर मी स्वतः चांगला सर्जन शोधून देईन."

बसीमाने मान डोलावली. आम्ही उठलो. ताई मात्र उठली नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीलाही मग काही नव्हतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काही नव्हतं, एहसान. धडधाकट पोर होती. तिला पात्याने मारलं. ती कुणाच्यात बसलेली नाही आणि तिला मोकळं करायला कुणाला कापायचं नाही."

जहीरा गेली तेव्हा घराने ताईला रडू दिलं नव्हतं, जिन्न रागावेल म्हणून. ती त्या दिवशी दवाखान्यात रडली.

घरी आल्यावर बसीमाने परसातल्या नळाचा वायसर बदलला. तेवढंच काम होतं, आणि इतकी वर्षं ते करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तरी मी अजून त्या नळाकडे पाठ करत नाही. सवय भीतीपेक्षा उशिरा मरते. बसीमाची आग थांबली. सायकलची सीट तिने बदलली. सहा महिन्यांनी काय करायचं ते ती ठरवेल.

लग्नाआधी उम्म रजब पाक घेऊन पुन्हा आली. बसीमाकडे बघून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, "उम्म रजब, माझी पोर पूर्ण आहे. कापलेल्या आपण आहोत."

उम्म रजबचे हात पाकात तसेच राहिले. त्या दिवशी तिने गाणं म्हटलं नाही.

बायांनो, तुमच्या शरीरात कुणी शिरलंय असं कुणी सांगितलं, तर आधी त्याच्या बशीत काय भिजवलंय ते बघा. शरीरात काही बदलायचंच असेल, तर डॉक्टरला विचारा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा, आणि शेवटी स्वतःला विचारा. आमच्या घरात जहीराला कापलं त्या दिवशी एवढंच कुणी विचारलं असतं, "हिला झालंय तरी काय?", तर आज बसीमाच्या लग्नात तिच्या दोन मावश्या नाचल्या असत्या.