गंज्यांमधलं टेबल

देवमन माझा नवरा. मूर्तिजापूरच्या आमच्या सहकारी जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्यांवरचा मुकादम. दोन गंज्यांमध्ये तीस हातांची गल्ली मोकळी ठेवायची, म्हणजे एक पेटली तरी दुसरी वाचते, हा त्याचा नियम. साठ सालच्या चैत्रात कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि मॅनेजर हेमचंद्ररावांनी ती गल्लीच भरायला लावली. वारा सुटलाय, असं देवमन सांगत होता. तू गंज्यांचा मुकादम, वाऱ्याचा नाहीस, असं त्याला सुनावलं गेलं. तिसऱ्या दुपारी इंजिनाच्या धुराड्यातून ठिणगी उडाली. बायामाणसांना बाहेर काढता काढता देवमन आतच राहिला.

चौकशीच्या कागदावर मॅनेजरांनी लिहिलं, दैवी आपत्ती. ते ऐकलं आणि माझं रडणं थांबलं. तेव्हापासून नुसता संताप.

देवमनचा शेअर माझ्या नावावर झाला होता, म्हणून पुढच्या वार्षिक सभेला मी गेले. संस्थेला कशाकशाचा धोका आहे, ती यादी मॅनेजर वाचत होते. चोरी, भेसळ, इंजिनाचा बिघाड. वारा पण लिहा, मी म्हटलं. काही जण हसले. वारा काही संस्थेच्या हातात नाही, असं मॅनेजर म्हणाले. मग मी ठराव मांडला, की गुढीपाडव्यापासून जिनिंग बंद होईपर्यंत मॅनेजरांचं टेबल त्या गल्लीत, दोन गंज्यांच्या मधोमध राहील. हेमचंद्रराव ताडकन उठले. हा काय पोरखेळ आहे, म्हणाले.

"दैवी आपत्ती असन, तर सायबाले कायचं भेव?" मी विचारलं.

आता कोणी हसलं नाही. कापूस सगळ्यांचाच जळला होता. पहिला हात अध्यक्ष अब्दुल सत्तारांनी वर केला.

वारा यादीत चढला, टेबल उन्हात गेलं. आता त्या गल्लीत कापसाची एक पाटी पडत नाही. वारा सुटला की हेमचंद्रराव स्वतः धावत जाऊन इंजिन बंद करवतात. मी रोज दुपारी कुंपणाशी उभी राहून बघते. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा ते अध्यक्षांना घेऊन घरी आले. कागदावरचे ते दोन शब्द खोडले होते. खाली लिहिलं होतं, गल्ली माझ्या हुकमावरून भरली. अब्दुल सत्तारांनी मला दोनदा वाचून दाखवलं. कागद मी देवमनच्या पागोट्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

आता टेबल ऑफिसात नेऊ का, असं हेमचंद्ररावांनी हळूच विचारलं.

"वारा पडला की न्या, सायेब," मी म्हटलं. "तो काई संस्थेच्या हातात नाई."