निमिषच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ

"सेल आधी काढलास?" मी विचारलं.

टेबलावर निमिषचा कॅमेरा पोट उघडून पडला होता आणि बाजूला शर्टाच्या बटणाएवढा सेल. दुपारचे बारा वाजले होते. माझा पन्नाशीचा पोरगा यज्ञेश्वर त्या बटणाकडे बघत बसला होता.

"आई, मोडलेल्या बोर्डाला हात लावायचा तर आधी सगळी बिजली तोडायची. उस्तादनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तीस वर्षं तेच करतोय."

"मग बरोबरच केलंस की."

"नाही ना," तो म्हणाला.

त्याच्या उस्तादाबद्दल मी गल्लीत सांगते की तो नुसतं फुंकर मारून रेडिओ बोलता करायचा, आणि एकदा तर घाटावरचा वळू ट्रान्झिस्टर गिळून तीन दिवस बातम्या देत हिंडत होता. ब्रह्माघाटावर माझं नाव त्यासाठीच आहे. पद्माकाकूचं निम्मं ऐकावं आणि त्यातलंही निम्मं सोडून द्यावं, असं लोक म्हणतात. यज्ञेश्वर बरोबर उलटा. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, भैया, इसमें कुछ खराब नहीं है, घर ले जाओ. म्हणून त्याचं दुरुस्तीचं दुकान कधी वाढलं नाही.

निमिष आमच्या शेजारच्या श्रीरामगुरुजींचा एकुलता एक मुलगा. सव्वीस वर्षांचा, पक्ष्यांच्या मागे वेडा. कार्तिकात पहाडात गेला. शुद्ध पंचमीला वर चढला, तिथे फोन लागत नाही. त्रयोदशीला मेंढपाळांना खाली दरीत त्याचा देह सापडला. फोटो काढता काढता पाय घसरला असणार, कॅमेरा गळ्यातच होता. डॉक्टर म्हणाले, षष्ठी ते दशमी, त्यातला कुठलाही दिवस.

आता श्रीरामचं काम काय, तर दशाश्वमेध घाटावर यजमानांची श्राद्धं करणं. नागपूरचे, सांगलीचे लोक येतात, आणि हा प्रत्येकाला पहिलं विचारतो, तिथी कोणती? त्याच्याच पोराची तिथी त्याला ठाऊक नव्हती. ज्यांची तिथी कळत नाही त्यांची अमावास्या धरतात, पण तो म्हणाला, "यज्ञेश्वर, माझा मुलगा बेवारशांच्या गर्दीत नको. शेवटचा फोटो कधीचा ते बघ. बाकी काही नको मला."

कार्डातले फोटो निघाले. चाळीसेक, सगळे पक्षी, एक माणूस नाही, ओळखीची जागा नाही. शेवटच्या फोटोवर तारीख होती अकरा जानेवारी दोन हजार. निमिषनं जुना कॅमेरा घेतला होता, घड्याळ कधी लावलंच नाही. ते आपलं मनाला येईल तिथून मोजत होतं.

"चुकीचं असलं तरी चालत होतं, आई," यज्ञेश्वर म्हणाला. "सगळीकडे बिजली वाटून देणारी चिप असते ना, तिच्यात ते घड्याळ असतं. मोठी बॅटरी मेली तरी या सेलवर चालतं. तो पडला, कॅमेरा फुटला, पोलीस ठाण्यात महिनाभर राहिला, तरी चालत होतं. आज ते कुठल्या तारखेला आलंय एवढं बघितलं असतं, तर उलटं मोजून खरा दिवस निघाला असता. मी सकाळी सेल उचलला आणि ते शून्यावर गेलं."

"परत लाव."

"आता नव्यानं मोजेल."

दोघं श्रीरामकडे निघालो. वाटेत मी म्हटलं, "सप्तमी सांगून टाक. पंचांग घेऊन कोण तपासतंय?"

"तिथी आहे ती, आई. गोष्ट नाही."

श्रीराम ओसरीवरच बसला होता. आत मालविका, त्याची बायको, तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून तो उठलाच. यज्ञेश्वर वाकून चपलाच काढत राहिला. आणि श्रीरामचं तोंड मला बघवेना. मी म्हणून टाकलं, "सप्तमी, गुरुजी. संध्याकाळी पावणेसहा."

आयुष्यात माझ्यावर कोणी इतक्या पटकन विश्वास ठेवला नव्हता.

"सप्तमी," श्रीराम म्हणाला. आधी त्याचा चेहरा जरा सैल पडला. मग तो हळूहळू खाली बसला. आत तांदळाचा आवाज थांबला होता.

"काकू, सप्तमीला सकाळी ही म्हणत होती, जीव घाबरतोय, कोणाला तरी वर पाठवा. मी म्हटलं, आज यजमान आहेत, उद्या बघू." त्यानं आत बघितलं. "म्हणजे तेव्हा जिवंत होता तो."

मालविकानं सूप बाजूला ठेवलं आणि उठून मागच्या खोलीत गेली.

मी पुढे झाले. "गुरुजी, मी आपलं असंच बोलले हो. तारीख नाही निघाली."

"राहू द्या काकू."

मग यज्ञेश्वर त्याच्यासमोर जमिनीवरच बसला. "गुरुजी, आई खरं सांगतेय. मी सेल काढला, घड्याळ शून्यावर गेलं. षष्ठीही असेल. वहिनी बोलल्या त्याच्या आधीच झालं असेल सगळं. कोणालाच माहीत नाही. शपथेवर सांगतो."

श्रीरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू नको रे," तो म्हणाला. "आईच्या तोंडून शोभतात या गोष्टी. तुला जमत नाहीत. पण माझ्यासाठी बोललास, लक्षात ठेवीन."

यज्ञेश्वर अजून दोनदा गेला. एकदा तो सेल कागदात बांधून घेऊन गेला, चिपचं चित्र काढून दाखवलं. श्रीरामनं चहा पाजला आणि परत पाठवलं.

आता दर महिन्याच्या त्या सप्तमीला श्रीराम यजमान घेत नाही. उजाडता उजाडता ब्रह्माघाटाच्या खालच्या पायरीवर बसतो. यज्ञेश्वर दुकान उघडायच्या आधी तिथे जातो. श्रीराम तर्पणाला ओंजळ पुढे करतो, आणि यज्ञेश्वर तांब्या कलता करून तिच्यात हळूहळू पाणी घालतो.