कोरी किल्ली

“कुलूप कुठंय?”

चावीवाले पुढच्या दारापाशी ओणवे होऊन चौकट न्याहाळत होते. एकाहत्तराव्या वर्षी एकदा ओणवं झालं की सरळ व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी हा प्रश्न दाराच्या मुठीलाच विचारला.

उत्तर आतून आलं. “दिवसा नसतं. रात्री कडी लावतो. दिवसा नुसती घंटी. दार उघडलं की वाजते,” सिस्टर म्हणाल्या.

“बास? घंटी?”

“बास. घंटी, आणि आम्ही तिघी.”

चाळीस वर्षं लोकांच्या दारांना कुलपं बसवलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे आचाऱ्याला ‘आम्ही चूल ठेवत नाही’ म्हणण्यासारखंच होतं. चावीवाल्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं : दार, नापास.

वहीत बावीस प्रश्न होते. ते परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवर सांगितले होते आणि यांनी शाळकरी अक्षरात उतरवून घेतले होते. माणसं किती, सांभाळणारे किती, रात्री जागं कोण, औषधं कोण देतं, न सांगता भेटायला आलं तर चालतं का. सगळ्यांच्या वर तिने एक ताकीद दिली होती, “बाबा, विचारायच्या आधी वास घ्या.” चावीवाल्यांनी इमानेइतबारे वास घेतला. साबणाचा होता, उन्हात वाळलेल्या चादरींचा होता. म्हणजे तिथे पास.

घर बैठं होतं, सहा खोल्यांचं. विसरत चाललेली पाच माणसं इथे राहत होती आणि सहावी खोली रिकामी होती. ती आज संध्याकाळपर्यंतच यांच्यासाठी धरून ठेवली होती. उद्या दुसरं कुटुंब बघायला येणार होतं. आधी एक आठवडा राहून बघायचं, मग पुढचं, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. त्या पूर्वी मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. आवाज खालच्या पट्टीतला आणि चाल अशी की येताना कळत नाही, आल्यावर मात्र बरं वाटतं.

आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती बाई इस्त्रीचे कपडे घालून, पर्स पोटाशी धरून, ओसरीवर उभी राहून छताचे कोपरे तपासत होती.

रेक्टरबाई. सव्वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. गल्लीतली पोरंटोरं तर त्यांना रेक्टरबाई म्हणायचीच, पण नवराही थट्टेने तसंच म्हणायचा, आणि मग थट्टा कधी संपली आणि नाव कधी चिकटलं हे दोघांनाही आठवेना. चावीवाल्यांना आठवेना ते म्हातारपणामुळे. बाईंचं तीन वर्षांपासून वेगळं चाललं होतं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग गॅसवरचं दूध गेलं, आणि एके दिवशी बाई स्वतःच गेल्या. चार रस्ते ओलांडून, ‘पोरी वाट बघत असतील’ म्हणत.

त्या दिवशी चावीवाल्यांनी घराला दुसरं कुलूप बसवलं. ते बाईंनी दोन दिवसांत उघडलं. डोकं विसरलं होतं, पण बोटं सव्वीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा वागवलेली होती. ती कसली विसरताहेत! मग तिसरं बसलं, जरा उंचावर. मग चौथं. पाचवं तर त्यांनी स्वतः घडवलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना अभिमानच वाटला. बाईंच्या बोटांना चाळा म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट केली. नऊ कोऱ्या किल्ल्या, दात न पाडलेल्या, एका कडीत ओवून बाईंना दिल्या. त्या कुठल्याच कुलपाला लागत नव्हत्या. तो जुडगा तेव्हापासून बाईंच्या पर्समध्ये होता.

आणि गेल्या महिन्यात चावीवाले न्हाणीघरात घसरून पडले.

कंबर धरली, उठता येईना. हाका ऐकून शेजारी धावले, पण दार? पाच कुलपं आणि किल्ल्या यांच्या पँटच्या खिशात, पँट खोलीतल्या खुंटीवर. बाजारातल्या दुसऱ्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने दार बघितलं, बोटाने पाचवं कुलूप चाचपलं आणि म्हणाला, “हे त्यांनी केलंय ना? मग तेच उघडतील.” शेवटी खिडकीचे गज कापले. दोन तास गेले त्यात. ते दोन्ही तास रेक्टरबाई न्हाणीघराच्या दाराबाहेर जमिनीवर बसून होत्या आणि आत कण्हणाऱ्या माणसाला सांगत होत्या, “रडू नकोस बाळ. पहिल्यांदा घरापासून लांब आलं की होतं असं. मी इथंच आहे.”

लेकीला त्यांनी पडल्याचं सांगितलं, कुलपांचं नाही सांगितलं. लाज वाटली.

“बाई कुठे गेल्या?” चावीवाल्यांनी एकदम वहीतून डोकं वर काढलं. ओसरीवर बाई नव्हत्या. ते उठायला धडपडले.

“चालताहेत,” सिस्टर म्हणाल्या. “बसा तुम्ही.”

घराला लागून विटांची एक पायवाट होती. ती ओसरीपासून निघून जाईच्या मांडवाखालून उजवीकडे वळायची, स्वयंपाकघराच्या मागून, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून जाऊन डावीकडून परत ओसरीशी यायची. कुठे तुटत नव्हती, कुठे संपत नव्हती. कुंपणावर वेल दाटला होता आणि फाटकालाही तसाच हिरवा रंग दिला होता.

“चालायचं असतं हो यांना,” सिस्टर म्हणाल्या. “घरी जायचं असतं. आपण अडवलं की भांडण. इथे वाट अडवत नाही. जातात, जातात आणि पोचतात.”

“आणि फाटक उघडलं तर? त्या कडीला बाईंना दोन मिनिटं लागायची नाहीत.”

“उघडू देत की. फाटकालाही घंटी आहे. ती वाजली की आमच्यातली एक सोबत निघते. ‘कुठे चाललात?’ विचारायचं नाही, ‘मीही तिकडंच चाललेय’ म्हणायचं. एकदा एका आजींबरोबर धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन आलोय. तिथे पाय दुखले, तेव्हा त्याच म्हणाल्या, चल परत.”

चावीवाल्यांनी ‘दार’ या शब्दापुढचं ‘नापास’ खोडलं. काय लिहावं ते मात्र सुचेना.

दुपार कलत होती. चादरींमधून येणारं ऊन दुधासारखं पांढरं झालं होतं. ओसरीवरच्या लांब बाकावर एक आजोबा खिडकीशी बसल्यासारखे तिरके बसले होते. ते आयुष्यभर बसचे कंडक्टर होते. “पुढे सरका, पुढे जागा आहे,” ते चावीवाल्यांना म्हणाले. चावीवाले मुकाट्याने पुढे सरकले. थोडा वेळ त्यांना खरंच वाटलं की ओसरी हळूहळू चालली आहे आणि जाईचा मांडव मागे पडतो आहे.

डावीकडून बाई आल्या. “अहो, स्वयंपाकघर बघितलं. ओट्याखालून बोट फिरवलं मी. स्वच्छ आहे.” आणि थांबल्याच नाहीत, गेल्या.

दुसऱ्या फेरीला म्हणाल्या, “गाद्या उलटून बघा. वरून सगळेच छान ठेवतात.” चावीवाले उठून खरोखरच रिकाम्या खोलीतली गादी उलटून आले. खालूनही स्वच्छ होती. त्यांना हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. लग्नानंतर बाईंनी त्यांच्या खोलीची पहिली झडती अशीच घेतली होती.

तिसऱ्या फेरीला बाई थांबल्या. बाकावर शेजारी येऊन बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि चावीवाल्यांचा हात हातात घेतला. कितीतरी महिन्यांनी घेतला.

“हे बघा,” त्या हळूच म्हणाल्या, “रागावू नका. मी खूप विचार केलाय. तुम्हांला इथं बरं पडेल.”

“मला?”

“हो. माझ्याच्यानं आता होत नाही हो. तुम्ही पडलात त्या दिवशी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. दार उघडेना.”

दार उघडेना एवढं बाईंना आठवत होतं. तीन वर्षं ते बाईंची प्रत्येक चूक दुरुस्त करत आले होते. आज सोमवार नाही. पोरी आता तिथे नाहीत. तुझी आई कधीच गेली. आत्ताही जिभेवर आलंच होतं : अगं, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी आलोय. त्यांनी ते गिळलं.

“तू म्हणशील तसं,” ते म्हणाले.

“मग नीट चौकशी करूया.” बाईंनी पाठ ताठ केली. “सिस्टर, जरा या.”

सिस्टर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या, नव्या मुलीने रेक्टरसमोर उभं राहावं तशा.

“रात्री जागं कोण असतं?”

“एक जण असतेच. आज मी आहे.”

“यांना पहाटे पाणी लागतं. मागणार नाहीत, भिडस्त आहेत. उशाशी ठेवायचं.”

“ठेवू.”

“चिडले तर काय करता?”

“आधी कशानं चिडले ते बघतो.”

“ओरडून बोलायचं नाही यांच्याशी. आत मिटून जातात.” बाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं. “हाताला काहीतरी काम द्या. नाहीतर दारांशी खेळत बसतील. माणूस सोन्यासारखा आहे, तेवढंच एक खूळ.”

“देऊ काम.”

“बांधून ठेवता?”

“नाही.”

“कोंडून?”

चावीवाल्यांनी मान खाली घातली.

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “दिवसभर दार उघडं असतं.”

“मग बरं.” बाईंनी सुस्कारा टाकला. “मी भेटायला कधी येऊ?”

“कधीही. न सांगता या.”

चावीवाल्यांच्या मांडीवर वही उघडी होती. बावीसपैकी महत्त्वाचे प्रश्न बाईंनीच विचारले होते आणि उरलेले त्यांना आता विचारावेसे वाटत नव्हते. त्यांनी सगळ्यांपुढे एकेक बरोबरची खूण केली. एक आठवडा, ते मनाशी म्हणाले. आठवडाच तर आहे. आणि तो आठवड्याचा प्रश्न नाही, हेही त्यांना कळत होतं.

“ठेवून घ्या,” ते सिस्टरांना म्हणाले. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. सिस्टरांनी मान हलवली.

बाई उठल्या. पर्स उघडून त्यांनी जुडगा काढला. बोटांनी एकेक किल्ली चाचपली, पहिली सोडली, दुसरी सोडली, तिसरी सोडली, चौथी धरली. नऊच्या नऊ हुबेहूब सारख्या होत्या. चावीवाल्यांनी त्या स्वतःच एका पुडक्यातून काढल्या होत्या. पण बाईंनी चौथीच निवडली, कडीतून सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली.

“ही आपल्या घराची. वाटलं की या. मला विचारायचीसुद्धा गरज नाही.” मग जरा घोटाळल्या. “आता मी निघते. तुम्ही बघत उभे राहू नका, मला जाववणार नाही.”

आणि रेक्टरबाई पर्स पोटाशी धरून, मागे वळून न बघता, जाईच्या मांडवाखालून उजवीकडे गेल्या.

“आता निघा तुम्ही,” सिस्टर हलकेच म्हणाल्या. “फेरीला पाच मिनिटं लागतात. बाईंची कपड्यांची बॅग तेवढी ओसरीवर ठेवा.”

चावीवाले निघाले. फाटकाची कडी त्यांनी नुसती उचलली, सवयीने हिसका देऊन तपासली नाही. बाहेर आल्यावर मात्र पाय पुढे पडेनात. वेलाच्या आडोशाला ते उभे राहिले. आतून विटांवरची पावलं ऐकू आली, डावीकडून, ओसरीपर्यंत.

“आले मी,” बाईंचा आवाज आला. “दमले बाई. ते कसे आहेत?”

“बरे आहेत,” सिस्टर म्हणाल्या.

“आराम करू द्या जरा. आणि त्यांचं दार लावू नका हं. त्यांना आवडेल दार लावलेलं, पण लावू नका.”

“पुढे सरका, पुढे जागा आहे,” कंडक्टर आजोबा म्हणाले, आणि बाक करकरला.

चावीवाले घरी आले तेव्हा ऊन दारावर तिरपं पडलं होतं. त्यांनी पाच किल्ल्या लावून पाच कुलपं उघडली आणि हत्यारांची पेटी घेऊन उंबऱ्यातच बसले. वरचं कुलूप काढलं, मग त्याखालचं. पाचवं, अभिमानाचं, निघता निघेना. बसवतानाच ते निघू नये असं बसवलं होतं. तेही निघालं. शेवटी जुनं, लग्नानंतर बसवलेलं एकच राहिलं. काढलेल्या कुलपांच्या भोकांतून आतल्या फरशीवर उजेडाचे चार ठिपके पडले.

मग त्यांनी खिशातली कोरी किल्ली काढून चिमट्यात धरली आणि कानस घेतली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण त्या कुलपाचे दात त्यांना पाठ होते. घासायचं, फुंकर मारायची, लावून बघायचं. परत घासायचं. उजेडाचे ठिपके फरशीवरून भिंतीवर चढले, लाल झाले. कितव्यांदा तरी किल्ली आत गेली आणि फिरली.

चावीवाले बाहेर गेले. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, क्षणभर थांबले. मग बाईंनी दिलेल्या किल्लीने त्यांनी ते उघडलं, आत आले, बूट काढून ठेवले.

“आलो गं,” ते म्हणाले.