वीस मिनिटांचं भांडण

धाकटीकडे रसायन लावलेला एकच कागद उरला होता, आणि चार वाजता गॅलरीवाल्या बाई यायच्या होत्या. आज चित्र नाही, तर प्रदर्शनात जागा नाही, असं त्यांनी साफ सांगून टाकलं होतं. काम तसं सोपं. कागदावर पानं मांडायची, वीस मिनिटं ऊन द्यायचं आणि पाण्यात धुवायचं. पानांखालचं पांढरं राहतं, बाकी निळंशार होतं. मग त्या निळ्यावर धाकटी मनाला येतील ते रंग फासायची. पण पानं आणायची कुठून? अंगणातल्या एकेका फर्नवर ताईचा डोळा, आणि हुकूम एकच, "पान तोडलंस तर याद राख!"

तोडायचं नाही ना? मग धाकटीने कागदच नेऊन फर्नच्या झुकलेल्या पानांखाली सरकवला. ऊन खणखणीत होतं. तेवढ्यात ताई आलीच.

"चोरटे! काय करतेयस माझ्या झाडाला?"

ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिची सावली बरोब्बर कागदावर पडली. धाकटी विचारात पडली. सरक म्हणावं, तर ही कागदच उचलून फेकणार. पण नीट पाहिलं तर सावली बरी होती की, चांगली भरदार! पानांसारखी तीही कागदावर फिकट उमटणार. आता ही जागची हलली नाही म्हणजे मिळवली.

"आईनेच तुला डोक्यावर चढवून ठेवलंय," धाकटी म्हणाली.

झालं, आगीत तेल! ताईने हात नाचवत लहानपणापासूनची उजळणी सुरू केली. ती जरा दमली की धाकटी हळूच नवी काडी टाकायची. विसाव्या मिनिटाला धाकटी म्हणाली, "चुकलंच बाई माझं," आणि कागद घेऊन नळाकडे पळाली.

चार वाजता बाई चित्रासमोर थबकल्या. निळ्यात फर्नची पानं, पिवळ्याचे फटकारे, मध्ये एक फिकट बुंधा आणि त्याच्या पुसट फांद्या.

"काय वारा सुटलाय हो या झाडात! हेच घेते."

ताईने पुढे येऊन चष्मा चढवला.

"वारा कसला? माझे हात आहेत ते. आणि हा माझा अंबाडा!"

धाकटीने डोळे गच्च मिटले. बाईंनी एकदा ताईला पाहिलं, एकदा चित्राला.

"मग तर घेतेच," त्या म्हणाल्या.

ताई चित्रापुढून हलेना. शेवटी तिने धाकटीला कोपराने ढोसलं.

"उद्या पुन्हा भांडू. पण आधी सांग गं, जरा केस विंचरून येते."