मिरीचा उपास

जेवणाच्या टेबलावर सात वस्तू मांडलेल्या होत्या. कापसाचा एक रोल, एक थर्मामीटर, जुन्या मऊ साडीचे दोन तुकडे, बूड कापून काढलेली एक छोटी प्लास्टिकची बादली आणि तान्ह्या बाळाची दोन झबली. बादली मिरीच्या गळ्यात अडकवायची होती, म्हणजे तिला टाके चाटता आले नसते. झबली टाक्यांवर घालायची होती. दुकानदाराने विचारलं होतं, "मुलगा की मुलगी?" विनया म्हणाली होती, "मुलगी." "किती महिन्यांची?" "दीड वर्षाची." "मग हे कसं होईल ताई? फारच छोटं आहे," असं तो म्हणाला, तेव्हा तिने पैसे दिले आणि बाहेर पडली.

डॉक्टरांनी सांगितलेली आठवी गोष्ट टेबलावर ठेवता येण्यासारखी नव्हती. "दोघं जण या," ते म्हणाले होते. "गुंगीतून उठताना कुत्री ओढाताण करते. रिक्षात एकट्याने नाही जमणार."

दुसरं माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न विनयाला आठवडाभर छळत होता. ती वालीवच्या एका शाईच्या कारखान्यात केमिस्ट होती. शाईचा दाटपणा, रंगाची छटा, वाळायला लागणारा वेळ, सगळं तिच्या हाताखालून जायचं. कारखान्यात तिच्या शब्दाला वजन होतं, पण तिथल्या कुणाच्या घरी ती कधी गेली नव्हती आणि तिच्याकडेही कुणी येत नव्हतं. आई गेल्यापासून बोळिंजच्या फ्लॅटमध्ये ती आणि मिरी, दोघीच. मिरी काळी, मिऱ्यासारखी, आणि कुणाची नव्हती म्हणून विनयाची झालेली. ती माजावर आली की गावभरचे कुत्रे सोसायटीच्या गेटाशी धरणं धरत. म्हणून पिल्लं न होण्याचं हे ऑपरेशन.

प्रयोगशाळेतल्या ऋतिकाला तिने विचारून पाहिलं. "अय्या, शनिवारी? सासूबाई येतायत गं," ऋतिका म्हणाली. मग विचारण्यासारखं कुणी उरलंच नाही.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी विनयाने समोरचं दार वाजवलं. तिथे कमळीकाकी राहायच्या. ही इमारत त्यांच्याच वांग्यांच्या वाडीवर उभी राहिली होती आणि बदल्यात हा फ्लॅट मिळाला होता. मुलगा, कल्पेश, सातिवलीला गाळा घेऊन तिकडेच राहायला गेला होता. जाता-येता काकी मिरीला दारातून पोळीचा तुकडा टाकत. विनयाशी मात्र हसण्यापलीकडे काही नव्हतं.

"चार वर्सं झाली समोरासमोर," काकी दार उघडून म्हणाल्या. "आज पयल्यांदा वाजवलंस गे बाय. मला वाटलं, तुझ्या दाराला आतून गोंदच लावलाय."

विनयाने सगळं सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं. "एवढंच ना? येते की. मला तरी कोन बोलावतंय कुठे!"

"आणि काकी, एक लक्षात ठेवा. उद्या तिला पोळी नाही, बिस्कीट नाही. उद्या तिचा उपास आहे."

"मुक्या जनावराचा उपास?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"अगो बाय, माझापन शनिवारच. चल, तिला सोबत झाली."

विनया हसली. घरात येऊन तिने झबल्यांना शेपटीसाठी भोकं पाडली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा काकी येऊन बसल्याच होत्या. ती बाहेर आली तर दोन्ही दारं सताड उघडी होती आणि मिरी काकींच्या उंबऱ्यावर शेपूट हलवत होती.

डॉक्टर जेम्स यांचा दवाखाना वसई गावात होता, त्यांच्या बंगल्याच्या मागल्या बाजूला, केळींच्या आडोशाला. डॉक्टरांनी मिरीला टेबलावर घेतलं आणि विचारलं, "उपाशी आहे ना?"

"हो," विनया म्हणाली.

"आमच्या दोघींचा उपास हाय," काकींनी जोड दिली.

"तुम्ही कशाला केलात, काकी? तुम्हाला कोणी कापणार नाहीये," डॉक्टर म्हणाले आणि मिरीला आत घेऊन गेले.

बाहेर बाकड्यावर दोघी बसल्या. काकींनी आपल्या वाडीबद्दल सांगितलं. जिन्याखाली जिथे मीटरच्या पेट्या आहेत, तिथे त्यांची विहीर होती. "अजून रात्री दिवा मालवला की मला रहाटाचा आवाज येतो," त्या म्हणाल्या. "कल्पेश म्हनतो, आये, तो पंप हाय." विनयानेही आईबद्दल काही सांगितलं. काय सांगितलं ते तिला नंतर आठवेना, पण खूप दिवसांनी इतका वेळ बोलल्याने घसा दुखल्यासारखा झाला होता, ते आठवत राहिलं.

दार उघडून डॉक्टर बाहेर आले. हातात स्टीलचा ट्रे होता. त्यांनी तो विनयापुढे धरला.

ट्रेमध्ये पांढरे, अर्धपारदर्शक, गोल मणी होते. मधेमधे शेंगदाण्याचे तुकडे.

"हे काय आहे?"

विनया ट्रेवर वाकली. मग ती हळूच म्हणाली, "साबुदाणा."

"पोटात खिचडी होती तिच्या! ऑपरेशन नीट झालं, टाके घातले, आणि शेवटी उलटी झाली. गुंगीत माणसाला गिळता येत नाही, कुत्रीला कसं येणार? काही अंश फुप्फुसात गेला असणार. मी विचारलं होतं तुम्हाला, उपाशी आहे का म्हणून!"

विनयाने काकींकडे पाहिलं. काकी पदर सावरत उभ्या राहिल्या होत्या.

"मग उपासाला दुसरं काय देतात?" त्या म्हणाल्या. "मिरची काढून दिली मी. मीठपन सैंधव घातलं."

डॉक्टरांनी ट्रे झाकला. मग विनयाला म्हणाले, "इंजेक्शन दिलंय, उद्या पुन्हा द्यावं लागेल. आणि ती झोपलेली असली की श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत असले तर भीती नाही. चाळीसच्या वर गेले तर तस्सं उचलून आणायचं. वेळ घालवायचा नाही."

परतताना रिक्षात मिरी दोघींच्या मांड्यांवर आडवी होती. डोकं विनयाकडे, पाय काकींकडे. दर श्वासाला तिच्या छातीत ओली घरघर होत होती. काकी दोनदा काहीतरी बोलायला गेल्या. विनया बाहेर बघत राहिली.

जिन्यावर मात्र तिला राहवलं नाही. "विचारायचं तरी होतंत, काकी! एक शब्द विचारायला काय जात होतं?"

काकींनी मिरीचे पाय अलगद तिच्या हातावर ठेवले, आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला नाही. विनयानेही आपलं दार लावलं. तिने मात्र कडी लावली.

त्या संध्याकाळी श्वास अडतीस भरले. रविवारी सकाळी मिरीला ताप होता. विनया एकटीच तिला साडीच्या तुकड्यात गुंडाळून डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि घेऊन आली. दुसऱ्या माणसाशिवाय जमलं, पण जिन्यात तिला दोनदा बसावं लागलं. मिरीने पाण्याला तोंड लावलं नाही. झबल्यात ती बाळासारखी नव्हे, आजारी कुत्रीसारखीच दिसत होती. दुपारी श्वास सदतीस.

मोजता मोजता विनयाच्या मनात 'उद्या तिचा उपास आहे' हेच वाक्य फिरत होतं, आणि ते डॉक्टरांचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, उपाशी ठेवा. उपास हा शब्द तिचा. कारखान्यात कुणी नुसतं 'थोडं पातळ करा' असं सांगितलं, तर ती त्याला चार प्रश्न विचारायची, कशाने, किती, कुठवर. आणि आपल्या आईने आयुष्यभर शनिवारी बशीभर खिचडी खाऊन 'आज मला उपास आहे' म्हटलेलं तिने ऐकलं होतं. पोळी नाही, बिस्कीट नाही, असं सांगितल्यावर कमळीकाकींनी अगदी बिनचूक तेच केलं होतं.

सोमवारी कारखान्यात गिऱ्हाइकाकडून तपासणी होती. रजा मिळणं शक्यच नव्हतं. सकाळी तिने समोरचं दार वाजवलं.

काकी दारातच उभ्या राहिल्या. आत बोलावलं नाही.

"काकी, मी चुकीचं सांगितलं होतं. आज बसाल का तिच्यापाशी?"

"जिवंत हाय ना?"

"आहे."

"मी हात नाय लावनार तिला. पानीपन नाय देनार. आधीच सांगते."

"पाणी द्या. चमच्याने द्या. नुसतं पाणीच."

"नुसतं पानी म्हंजे नुसतं पानी ना?" काकींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "नायतर तुमच्याकडे त्याचापन काय वेगळा अर्थ असायचा."

विनयाला हसायला हवं होतं. जमलं नाही.

दिवसभर ती शाईच्या नमुन्यांवर झुकून काम करत होती. घरी यायला संध्याकाळ झाली. मिरी खिडकीखाली झोपली होती. काकी पार समोरच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीत घट्ट धरून, जणू त्यांना कुणी तिथेच बसायला सांगितलं होतं. चमचा आणि वाटी जमिनीवर होती. वाटी रिकामी होती.

"प्यायली," त्या उठत म्हणाल्या. "दोनदा खोकली. मोजलं नाय मी, मला भ्या वाटलं. नुसती बघत होते."

"चहा टाकते, काकी. बसा ना."

"नको. दिवेलागन झाली. घर उघडं हाय." उंबऱ्याशी थांबून त्यांनी मिरीकडे एकदा पाहिलं. "बादलीत डोकं म्हंजे नवरीच दिसते," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. थोड्या वेळाने समोरून टीव्हीचा आवाज सुरू झाला. कुणीतरी बातम्या देत होतं आणि ऐकणारं एकच माणूस होतं.

विनयाने चहा एकटीपुरता केला आणि तो ओट्यावरच निवत ठेवला. मिरीपासून हातभर अंतरावर ती फरशीवर बसली. घरघर कमी वाटत होती, पण वाटण्यावर तिचा विश्वास नव्हता. तिने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबली, आणि झबल्याची कड वर जाताना एक, पुन्हा वर जाताना दोन, अशी पूर्ण मिनिटभर मोजत राहिली.

सव्वीस.