शूटिंगची हळद

आईबापांनी नाव पोपट ठेवलं, तिथेच घात झाला. आजकाल कुणाचीही फजिती झाली की पोरं ओरडतात, "पोपट झाला रे!" आणि कोलशेत गावातला हा बिचारा आपल्यालाच हाक आली म्हणून मागे वळतो. बरं, निम्म्या वेळा हाक त्यालाच असते. डोक्यात गोंधळ घेऊनच जन्माला आलेला माणूस, पण मनाने सोनं.

भाचीच्या हळदीला त्याच्यावर दोन कामं होती. एक सगळ्यांदेखत दिलेलं: कल्याणहून ठरवलेली बेंजो पार्टी, म्हणजे हळदीत वाजवणारं पथक, वेळेवर मांडवात आणायची. दुसरं भाचीने, करिश्माने, कानात सांगितलेलं: "मामा, मला आईच्या हातची हळद पायजे. तू कायपण कर."

पोपट म्हणाला, "करतो काहीतरी." पोपटच्या भाषेत याचा अर्थ, मला काहीही सुचत नाहीये.

करिश्माची आई लक्ष्मी, म्हणजे पोपटची थोरली बहीण. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. विधवा बाईने नवरीला हळद लावू नये हा रिवाज, आणि रिवाजापेक्षा लक्ष्मीची स्वतःची भीती मोठी. "माझं नशीब पोरीला नको चिकटायला," एवढं बोलून ती सकाळपासून आतल्या खोलीत वड्यांचं पीठ मळत बसली होती. पीठ कधीच मळून झालं होतं, तरी मळत होती.

पोपटने शेवंती आजीकडे शब्द टाकून बघितला. शेवंती आजी म्हणजे गावची धवलारीण. लग्नाचा धवला, म्हणजे विधीचं जुनं गाणं, तीच गाणार, आणि तिने तोंड उघडल्याशिवाय आगऱ्यांच्या घरात हळकुंडसुद्धा हलत नाही.

"आजी, ताईने नुसतं एक बोट लावलं तर?"

"हलदीला सवाष्णी लागतान, पोपट्या. नि धवला एकदाच गातान. एकदा गायला का हलद लागली, मंग देव आला तरी परत गायचा नाय. उगाच माझं डोकं खाऊ नको. तुझा बेंजो कुठं हाय त्यो बघ."

बेंजो कुठे होता? बेंजोवाला साईनाथ तासाभरापासून फोनवर "निघालो, निघालो" करत होता. उन्हं कलायला लागली, बायका नटूनथटून खोळंबल्या. शेवटी पोपट स्वतःच नाक्यावर गेला.

नाक्यावर, बंद पडलेल्या कंपनीच्या गेटबाहेर, एक मोठी गाडी उभी. चहाच्या टपरीवर चार-पाच पोरं बसलेली. ढोल, गिटार, कसल्या कसल्या पेट्या. एकाच्या मांडीवर गोल तोंडाचं, लांब दांडीचं काहीतरी. पोपटचा जीव भांड्यात पडला.

"बेंजो काय?"

"हो, बॅन्जोच आहे," तो पोरगा कौतुकाने म्हणाला. "तुम्ही बरोबर ओळखलंत. लोक याला गिटारच समजतात."

"मी नाय समजत! अरे मग इथे चहा काय ढोसताय? तिकडे हळद खोळंबलीय! उठा, उठा!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यातला लांब केसांचा, अपूर्व नावाचा, खदाखदा हसला. "समीक्षा, जायचं का? तसाही जनरेटर बंद आहे." समीक्षा म्हणजे त्या बंद कंपनीत त्यांचं गाणं चित्रित करायला आलेली दिग्दर्शिका. तिने पश्चिमेचं ऊन बघितलं, पोपटच्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा बघितला आणि कॅमेरावाल्याला म्हणाली, "चल." बेंजोवाले कॅमेरा कशाला आणतायत, असा प्रश्न पोपटला पडला खरा. पण आजकाल सगळेच व्हिडिओ काढतात, म्हणून त्याने तो गिळला.

मांडवात पाऊल पडलं मात्र, आणि पोरींनी अशी किंकाळी फोडली की म्हाताऱ्यांना वाटलं साप निघाला.

"उलटा पंखा! अगं, उलटा पंखा!"

पोपटने घाबरून वर बघितलं. मांडवाचा पंखा तर सुलटाच फिरत होता.

आता त्याला कोण सांगणार, की 'उलटा पंखा' हे बँडचं नाव, आणि त्यांच्या एका कार्यक्रमाच्या तिकिटासाठी ही पोरं रात्र-रात्र मोबाईल घेऊन बसतात. पोपटला दिसलं ते एवढंच: बेंजोवाल्यांना हळदीचं एकही गाणं येत नाही, आणि ते जे काय अगम्य वाजवतात त्याचा शब्दन् शब्द गावातल्या पोरांना तोंडपाठ आहे. मांडव नुसता उसळत होता. करिश्मा पाटावर बसल्या बसल्या खांदे उडवत होती. एक म्हातारी पोपटला म्हणाली, "असला कसला रं बेंजो आणलास? पैलवानांनी पत्रा बडवल्यासारखा!"

तेवढ्यात खिशात फोन वाजला. साईनाथ. "शेठ, खारेगावला आलो. पाचच मिनिटं."

"तू कसा खारेगावला? तू तर इथे वाजवतोयस!"

"शेठ, मी इथे असलो तर तिथे कोण वाजवतंय?"

पोपटने फोन कानावरून काढला आणि मांडवाकडे नुसता बघत राहिला. झाला. पुन्हा पोपट झाला. पण कोणाचा झाला, हेच त्याला कळेना.

गाणं थांबलं तशी समीक्षा पुढे आली. "काका, फार सुंदर! आता नवरीला हळद लावतानाचा एक शॉट देता का?"

शेवंती आजी कडाडली. "हलद अजून व्हायचीय! माझा धवला नाय जाला!"

"आजी, खरी नंतर लावा ना. ही फक्त शूटिंगची. खोटी-खोटी."

"खोटी?" आजीने पदर सावरला. "मंग कोन पन लावा. माझा काय जातंय? सवाष्णी खऱ्या हलदीला येतील."

कोण पण लावा! पोपटच्या डोक्यातला सगळा गलका एकदम बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक गोष्ट लख्ख समजली. तो धावतच आतल्या खोलीत गेला.

"ताई, ऊठ. हळद लावायचीय."

"वेड लागलं काय तुला?"

"खोटी आहे गं! शूटिंगची. खऱ्याला तू नको, कबूल. पण खोट्याला तुझं नशीब कसं चिकटणार? शेवंती आजीच बोललीय, कोण पण लावा."

लक्ष्मीने त्याच्याकडे बघितलं. पिठाचे हात हळूहळू परातीतून बाहेर आले. "खोटी ना? नक्की?"

"शंभर टक्के खोटी."

ती हात धुऊन मांडवात आली. करिश्माने आईला बघितलं आणि खांदे उडवणारी ती पोरगी एकदम लहान झाली. लक्ष्मीने वाटीत बोटं बुडवली. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, मग गाल. गालावर हात ठेवला तो तिथेच राहिला. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी हळदीत उतरलं. अपूर्व तोंड उघडून उभा होता. त्याच्या बॅन्जोवाल्याने एकच तार हलकेच छेडायला सुरुवात केली.

आणि त्या तारेवर एक जुना, चिरका, खणखणीत सूर चढला.

शेवंती आजी गात होती. डोळे मिटून, हात मांडीवर, नवरीच्या आईचं नाव घेऊन धवला गात होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक कडवं न गाळता. सवयीने तोंड सुटलं की काय, पोपटला समजेना. अडवावं, तर तिला कोण अडवणार?

"कट!" समीक्षा डोळे पुसत म्हणाली. बाहेर साईनाथच्या टेम्पोचा भोंगा वाजला.

पोपट चाचरत पुढे झाला. "आजी, खरा बेंजो आला. आता खरी हळद सुरू करायची ना?"

"खरी?" आजीने डोळे उघडले. "मंग आथा इतका वेल मी काय गायले? अंगाई?"

"पण ती तर खोटी..."

"शूटिंग खोटा असंल. धवला खोटा नसतो रं बाबा. एकदा गायला, हलद लागली. चला गो, सवाष्णी, उठा! आईची लागली, आथा तुमची लावा."

पाच जणी निमूट उठल्या. साईनाथच्या माणसांनी वाजवायला सुरुवात केली, उलटा पंखावाली पोरं त्यांच्यात घुसून नाचायला लागली, आणि कोण कुणाचा बेंजो हे कुणालाच कळेनासं झालं.

लक्ष्मी मात्र खांबापाशी उभी. दोन्ही पिवळे हात अंगापासून लांब धरलेले, जसे काही दुसऱ्याचे असावेत. तिने पोपटला डोळ्यांनीच जवळ बोलावलं.

"पोपट," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हात धुवू काय रे?"

त्याचा अजूनही गोंधळच होता. खोटी कुठली, खरी कुठली, आजी चुकली की तिने मुद्दाम केलं, काही काही उमगलं नव्हतं.

"नको गं," तो म्हणाला. "राहू दे."